घरच्या कॉम्प्युटरला अँटीव्हायरस: विकतचा, फुकटचा की विंडोजमधलाच?

सांजवारा
नमस्कार मंडळी. घरात एकच लॅपटॉप आहे, विंडोज ११ चा. वापरणारे तिघं: मी, शाळकरी मुलगी आणि सासरे. मेल, फोटो, बँकेचे व्यवहार, मुलीचे प्रोजेक्ट आणि सासऱ्यांच्या बातम्या, एवढंच त्यावर चालतं. विकत घेतलेल्या अँटीव्हायरसची मुदत संपत आलीय आणि 'तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे' अशा लाल खिडक्या रोज उघडतात. आता तोच रिन्यू करावा, एखादा फुकटचा टाकावा, की विंडोजमधल्या डिफेंडरवर भागतं?

शोधायला गेलं की कंपन्यांच्या जाहिराती तरी सापडतात, नाहीतर 'सर्वोत्तम दहा' छापाच्या याद्या, ज्यांच्या प्रत्येक नावाखाली खरेदीचं बटण असतं. म्हणून इथे विचारतेय. कारणासकट सांगितलंत तर फार बरं होईल.

बिटबाईट
विंडोज ११ आहे ना? मग डिफेंडर चालू ठेवा, बाकी काही टाकू नका.

चौकस
बिटबाईट यांच्याशी सहमत, पण कारण मागितलंय तर देऊ या. डिफेंडरचं नाव निघालं की 'ते फुकटचं काय कामाचं' म्हणणारे अजून भेटतात, आणि एकेकाळी त्या मताला आधार होता. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिक्युरिटी इसेन्शियल्स नावाचा वेगळा फुकट अँटीव्हायरस आणला. २०१२ च्या विंडोज ८ पासून तेच संरक्षण डिफेंडर या नावाने विंडोजमध्येच येऊ लागलं. सुरुवातीची काही वर्षं चाचण्यांत त्याची कामगिरी खरोखर वाईट होती.

आता चित्र बदललंय. जर्मनीतली एव्ही-टेस्ट ही संस्था संरक्षण, मशीनचा वेग न मारणं आणि निर्दोष फायलींवर खोटी ओरड न करणं या तिन्हींना प्रत्येकी ६, असे एकूण १८ गुण देते. गेल्या काही वर्षांत डिफेंडर वारंवार १८ किंवा त्याच्या आसपास असतो. नामांकित विकतची पॅकेजंही तिथेच असतात.

एक गोष्ट मात्र जपा. ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज ही संस्था इंटरनेट असताना आणि नसताना किती मालवेअर, म्हणजे व्हायरससारखे घातक प्रोग्राम, पकडलं जातं, हे वेगवेगळं दाखवते. डिफेंडरचा ऑफलाइन आकडा ऑनलाइनपेक्षा कमी राहत आलाय, कारण त्याचं बरंचसं काम मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर होतं. म्हणून सेटिंगमधलं 'क्लाउड-डिलिव्हर्ड प्रोटेक्शन' कधीही बंद करू नका. ज्या मशीनला नेट क्वचितच मिळतं आणि पेनड्राइव्ह सारखे लागतात, तिथे मी वेगळा विचार करेन.

तिरकमठा
मुदत संपत आली की अँटीव्हायरस इतका आरडाओरडा करतो की बिचाऱ्या व्हायरसला बोलायची संधीच मिळत नाही.

जुनाखोड
मी या विषयात फार जुना आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. २६ एप्रिल १९९९ ला सीआयएच व्हायरसने मशीन सुरू करणारी बायोस चिपच पुसून टाकलेली मी पाहिलीय. हार्डडिस्क बदलूनही मशीन सुरू होईना. पुढच्याच वर्षी मे महिन्यात 'आय लव्ह यू' नावाचा, व्हायरस घेऊन येणारा मेल आला आणि ओळखीच्या माणसाने पाठवलाय म्हणून लोकांनी उघडला. त्या काळात विंडोजच्या पोटात काहीच संरक्षण नव्हतं, विकतचा घेणं हाच शहाणपणा होता. आज विंडोज पुष्कळ सुधारलंय हे मान्य.

तरी मी आजही पैसे भरतो. मला पॅकेजमधलं व्हीपीएन नको, क्लीनर नको. काही विचित्र दिसलं तर फोन उचलून माणसाशी बोलता येतं, त्याचे पैसे मी देतो. डिफेंडरबद्दल रात्री शंका आली तर कोणाला विचारायचं? या धाग्यावर विचारता येईल, पण सगळ्यांना असा धागा सापडतोच असं नाही.

चौकस
जुनेखोड काका, मुद्दा पटला. फक्त एवढंच, की फोनवरची मदत सगळ्याच पॅकेजांत सारखी नसते. काहींमध्ये उत्पादनाबद्दलच बोलतात, व्हायरस काढून द्यायची सेवा वरच्या योजनेत असते. घेण्याआधी नेमकं तेच वाचून पाहावं.

रानवेडी
'फुकटचा' या शब्दाखाली इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होताहेत. विंडोजसोबत आलेला डिफेंडर एक, आणि बाहेरच्या कंपनीचा फुकट अँटीव्हायरस दुसरा. दुसऱ्याबद्दल मी फार सावध आहे आणि त्याला ठोस कारण आहे.

अव्हास्ट या कंपनीची जम्पशॉट नावाची उपकंपनी होती. अँटीव्हायरस आणि ब्राउझर एक्स्टेंशन वापरणाऱ्यांनी कोणत्या साइट पाहिल्या, याची माहिती ती इतर कंपन्यांना विकायची. जानेवारी २०२० मध्ये बातम्या आल्यावर ती बंद केली गेली. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या प्रकरणी १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले आणि जाहिरातींसाठी असा डेटा विकायला मनाई केली. ज्याला घराची राखण सांगितली, त्यानेच घरातल्या गोष्टी बाहेर विकल्या, याचा मला आजही राग येतो. पासवर्ड चोरणारा निदान स्वतःला रक्षक म्हणवत नाही.

आता नावं किती उरलीत तेही बघा. एव्हीजी २०१६ मध्ये अव्हास्टने घेतली. अविरा नॉर्टनवाल्यांनी घेतली. २०२२ मध्ये नॉर्टनवाले आणि अव्हास्ट एकत्र येऊन जेन डिजिटल ही कंपनी झाली. म्हणजे यादीतली चार नावं एकाच छताखाली आहेत.

अनाहूत
रानवेडीताई, माहितीबद्दल धन्यवाद, पण यावरून 'फुकट म्हणजे वाईट आणि विकत म्हणजे सचोटीचं' असं निघत नाही. २०२१ मध्ये नॉर्टनच्या विकतच्या पॅकेजमध्ये क्रिप्टो, म्हणजे आभासी चलन, खणण्याची सोय आली. गिऱ्हाईकाने ती चालू केली की त्याचीच वीज जाळून इथेरियम खणायचं आणि कंपनी त्यातले १५ टक्के घ्यायची. पैसे देऊन घेतलेल्या सुरक्षेत अशी गोष्ट का असावी?

उलट काही फुकट अँटीव्हायरस चांगले आहेत. बऱ्याच कंपन्या फुकट आणि विकतच्या आवृत्तीत व्हायरस पकडणारं इंजिन तेच ठेवतात. फरक असतो भोवतालच्या सोयींचा आणि पॉपअपचा.

रानवेडी
@अनाहूत, इंजिन तेच असतं हे बरोबर. पण मग तोच प्रश्न उरतो की डिफेंडर आयता असताना त्याला बाजूला सारून फुकटचा टाकायचा कशासाठी? मिळणार काय, तर रोजचे 'प्रीमियम घ्या' म्हणणारे पॉपअप.

तिरकमठा
आणि ते पॉपअप बंद करायची सोय प्रीमियममध्ये असते.

बिटबाईट
+१. शिवाय बाहेरचा अँटीव्हायरस टाकला की डिफेंडर आपोआप बाजूला होतो. त्याच्यासोबत 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' ही सोयही जाते, हे फार जणांना माहीत नसतं. ही चालू असली की अनोळखी प्रोग्रामला तुमच्या डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे फोल्डरांत बदल करता येत नाहीत. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरवर हा चांगला अडसर आहे. मुळात बंद असते, विंडोज सिक्युरिटीमध्ये 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन'खाली जाऊन चालू करावी लागते. एखादा जुना भला प्रोग्रामही अडला तर त्याला त्याच पानावरून परवानगी देता येते.

तिथेच 'अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल'मध्ये 'रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शन' बघा. नको असलेले टूलबार आणि फालतू क्लीनर त्यामुळे अडतात.

पानगळ
सगळे डिफेंडरच्या बाजूने, म्हणून मुद्दाम विरुद्ध लिहिते. माझ्या घरात बरीच उपकरणं आहेत: दोन विंडोज, एक मॅक, चार फोन. आईवडील दुसऱ्या घरी असतात. मी विकतचं पॅकेज घेतलंय आणि एकाच खात्यावरून मला दिसतं की वडिलांच्या मशीनवर अपडेट रखडलंय का, काही पकडलं गेलंय का. फसव्या बँक-पानांना तो सगळ्या ब्राउझरांत अडवतो. डिफेंडरमागचं स्मार्टस्क्रीन हे फसव्या गोष्टी ओळखणारं गाळणं साइटबाबतीत मुख्यतः एज ब्राउझरमध्ये काम करतं. क्रोम आणि फायरफॉक्सला गूगलची सेफ ब्राउझिंग यादी आहे, पण दोन गाळण्या असल्या तर मला बरं वाटतं.

सांजवारा, तुमचे सासरे बँकेचे व्यवहार याच लॅपटॉपवर करत असतील तर हा खर्च मी वायफळ म्हणणार नाही.

चौकस
पानगळताई, दुसऱ्या घरातलं मशीन सांभाळायचं असेल तर एका खात्यावरून लक्ष ठेवण्याची सोय खरोखर मोलाची आहे. इथे मी तुमच्या बाजूने.

पण ज्येष्ठांची फसवणूक जिथे होते तिथे अँटीव्हायरस फारसा येतच नाही. फोन येतो, 'तुमच्या खात्यात गडबड आहे' म्हणतात, एखादं दूरस्थ मदतीचं अ‍ॅप डाउनलोड करायला लावतात. ते अ‍ॅप अस्सल असतं, हजारो कंपन्या तेच वापरतात. अँटीव्हायरस त्याला का अडवेल? तिथे घरातल्यांनी आधी बोलून ठेवलेलं उपयोगी पडतं: फोनवरच्या अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून काहीही टाकायचं नाही, आधी घरच्याला फोन लावायचा.

पानगळ
हे मान्य. वडिलांना ते सांगितलेलं आहे. पण पूर्ण पडदाभर 'तुमचा कॉम्प्युटर लॉक झालाय, या नंबरला फोन करा' असं पान उघडतं तेव्हा माणूस घाबरतो, सांगितलेलं आठवत नाही. ते पानच उघडलं नाही तर उत्तम ना?

बिटबाईट
त्यासाठी एजमध्ये 'स्केअरवेअर ब्लॉकर' नावाची सोय आली आहे, पडदाभर पसरलेलं असं पान ओळखून बाहेर काढते. आणि असं पान कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडलं तर एस्केपचं बटण थोडा वेळ दाबून धरायचं. पूर्ण पडदा सुटतो, मग टॅब बंद करता येतो. वडिलांना हे एकदा हाताने करून दाखवा, तोंडी सांगून लक्षात राहत नाही.

लेखणीधर
लिनक्स टाका. प्रश्न मिटला.

तिरकमठा
आले! मी वाटच बघत होतो.

जुनाखोड
लेखणीधर, सासऱ्यांना अचानक वेगळी सिस्टीम देणं म्हणजे त्यांनी लॅपटॉपच सोडून देणं. विचारलेल्या घरासाठी उत्तर द्या की.

कुतूहल
अवांतर: माझ्याकडे विंडोज १० आहे. नवीन मशीन सध्या शक्य नाही. चांगला विकतचा अँटीव्हायरस टाकला तर चालेल का?

चौकस
अवांतर कसलं, महत्त्वाचा प्रश्न आहे. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे, तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६. डिफेंडरच्या व्हायरस-ओळखीची अपडेट विंडोज १० ला ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतील असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. पण विंडोजमधली भोकं त्याने बुजत नाहीत. भिंत पडलेल्या घराला दाराचं कुलूप कितीही महागाचं लावलं तरी काय उपयोग? २०१७ चा वॉनाक्राय हा रॅन्समवेअर ज्या भोकातून शिरला त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती, हल्ला मे महिन्यात झाला. ज्यांनी अपडेट टाकलं होतं त्यांची मशीनं त्या भोकातून वाचली. तेव्हा आधी वाढीव अपडेटसाठी नोंदणी करा, अँटीव्हायरसचं नंतर बघू.

कुतूहल
धन्यवाद, नोंदणी करतो.

निरगाठ
मी याच क्षेत्रात काम करते. धागा चांगला चाललाय, पण आज घरगुती मशीनवर सगळ्यात जास्त नुकसान करणारा प्रकार अजून कोणी लिहिला नाही: इन्फोस्टीलर. हा फायली कुलूपबंद करत नाही, पडद्यावर काही दाखवत नाही. काही क्षणांत ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकी (तुम्ही साइटवर आधीच आत आहात याची ब्राउझरमधली खूण) उचलतो आणि निघून जातो. कुकी चोरीला गेली की समोरच्याला तुमचा पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही, कारण साइटला वाटतं तुम्हीच आत आहात. यातला लुमा नावाचा एक कुप्रसिद्ध आहे. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून त्याचं जाळं तोडलं, तेव्हा साधारण दोन महिन्यांत ३ लाख ९४ हजार विंडोज मशीनं बाधित झालेली आढळली होती.

तो येतो कुठून? एक रस्ता म्हणजे क्रॅक केलेली सॉफ्टवेअर आणि गेमचे चीट. त्यासोबतच्या सूचनांत पहिलीच ओळ असते, 'आधी अँटीव्हायरस बंद करा'. तुम्ही स्वतःच बंद केलात तर फुकटचा काय आणि विकतचा काय. सांजवारा, मुलगी गेम खेळत असेल तर तिच्याशी हे आवर्जून बोला. रागावून नको, समजावून.

दुसरा रस्ता अलीकडचा आणि फार धूर्त आहे. 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' असं पान येतं. चौकटीवर टिचकी मारली की ते गुपचूप एक आज्ञा कॉपी करून ठेवतं आणि सांगतं: विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. म्हणजे हल्लेखोराची आज्ञा तुम्ही स्वतःच्या हाताने चालवता. कोणतीही खरी साइट माणूस ओळखण्यासाठी असं करायला सांगत नाही. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असणं मी कुठल्याही लायसन्सच्या वर ठेवीन.

पानगळ
निरगाठताई, हे वाचून खरंच दचकले. विकतचा असता तर हे अडलं असतं का?

निरगाठ
कधी हो, कधी नाही. चांगले अँटीव्हायरस अशा आज्ञांची वर्तणूक बघून बऱ्याचदा अडवतात, डिफेंडरही अडवतो. पण हल्लेखोर रोज नवी आवृत्ती आणतात आणि सोडण्याआधी याच अँटीव्हायरसांवर तपासून घेतात. त्यांच्या पहिल्या काही तासांत कोणीही हमखास पकडेल असं मी म्हणणार नाही.

आणखी एक. अँटीव्हायरस विंडोजच्या अगदी मुळाशी बसतो, म्हणून जितके जास्त, तितकं सुरक्षित असं नसतं. एप्रिल २०१० मध्ये मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच फाइल व्हायरस समजून काढून टाकली होती. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने ८५ लाख विंडोज मशीनं बंद पाडली. ते कंपन्यांसाठीचं सॉफ्टवेअर, घरगुती नव्हे, पण मुळाशी बसलेल्या गोष्टीची चूक केवढी होऊ शकते ते कळतं. दोन अँटीव्हायरस एकाच वेळी चालवू नयेत ते यासाठीही.

अनाहूत
वाचनखूण साठवली. पासवर्ड ब्राउझरऐवजी वेगळ्या पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवले तर?

निरगाठ
नक्की बरं. बिटवॉर्डन, कीपास दोन्ही फुकट आणि खुल्या स्रोताचे आहेत. कुकीचा प्रश्न त्याने सुटत नाही, पण चोराच्या हाती सगळे पासवर्ड एकगठ्ठा लागत नाहीत. बँकेतून काम झालं की रीतसर लॉगआउट करा, नुसता टॅब बंद करू नका.

मुशाफिर
सांजवारा, त्या लाल खिडक्या नेमक्या कुठे उघडतात? उजव्या कोपऱ्यात येत असतील तर त्यात बारीक अक्षरांत ब्राउझरचं आणि कुठल्यातरी साइटचं नाव आहे का बघा.

सांजवारा
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी सांगत नाही. मुशाफिर, आत्ताच पाहिलं. काही खिडक्या अँटीव्हायरसच्या आहेत, पण सगळ्यात भडक ज्या आहेत त्यांत क्रोमचं नाव आणि खाली एक कधी न ऐकलेली साइट दिसतेय! हा व्हायरस आहे का?

मुशाफिर
व्हायरस नाही. कुठल्यातरी पानाने 'सूचना दाखवू का' विचारलं आणि घरात कोणीतरी 'अलाउ' दाबलं असणार. आता ती साइट नामांकित अँटीव्हायरसचं नाव आणि चिन्ह वापरून खोटे इशारे पाठवते. खिडकीवर टिचकी मारू नका. क्रोमच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', मग 'साइट सेटिंग्ज', मग 'नोटिफिकेशन्स' उघडा. ज्या साइटना परवानगी दिलीय त्यांची यादी दिसेल, अनोळखी सगळ्या काढून टाका. तिथेच 'साइटना विचारूच देऊ नका' असा पर्याय आहे, तो निवडा. यातून कोणी नूतनीकरणाचे पैसे भरले असते तर ते थेट भामट्यांना गेले असते.

सांजवारा
काढल्या! शांत झालं एकदम. सासरे म्हणाले, 'चला, रोज लाल दिसणारं गेलं.'

आता माझा विचार असा. सध्याचं रिन्यू करत नाही, डिफेंडर ठेवते. बिटबाईट यांनी सांगितलेली दोन्ही सेटिंग चालू करते. सासरे आणि मुलगी यांना प्रशासक हक्क नसलेली वेगळी खाती काढते. फोटोंचा बॅकअप एका बाहेरच्या ड्राइव्हवर. पानगळताईंचा मुद्दा डोक्यात आहे, सासरे पुढे वेगळे राहायला गेले तर पुन्हा विचार करेन. यात काही राहतंय का?

निरगाठ
चांगलं आहे. बॅकअप झाला की ड्राइव्ह काढून ठेवा, जोडलेला राहिला तर रॅन्समवेअर त्यालाही कुलूप लावतं. वेगळ्या खात्यांमुळे मशीनभर पसरणं अवघड होतं, पण त्या खात्याच्या ब्राउझरमधले पासवर्ड आणि कुकी इन्फोस्टीलर तरीही नेऊ शकतो. तेवढं लक्षात असू द्या.

जुनाखोड
माझं मत वेगळं असलं तरी तुम्ही विचार करून ठरवलंय. मुलीसाठी मायक्रोसॉफ्टचं फॅमिली सेफ्टी फुकट आहे, वेळेची मर्यादा घालता येते. साइट अडवणं मात्र एजमध्येच चालतं.

सांजवारा
काका, ते बघतेच. शेवटची शंका: जुना अँटीव्हायरस नुसता अनइन्स्टॉल केला की झालं का? डिफेंडर आपोआप सुरू होईल?

बिटबाईट
सुरू होतो. अनइन्स्टॉल करा, मशीन रीस्टार्ट करा, मग विंडोज सिक्युरिटी उघडून 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये हिरवी खूण आहे का पाहा. जुन्याचंच नाव दिसत राहिलं तर त्या कंपनीच्या अधिकृत साइटवर अवशेष काढायचं वेगळं टूल असतं, ते चालवा. मग अपडेट तपासून एकदा पूर्ण स्कॅन करा.

आणि अनइन्स्टॉल केल्याने वर्गणी थांबत नाही. कंपनीच्या साइटवर तुमच्या खात्यात जाऊन 'ऑटो रिन्यूअल' बंद करा. पहिल्या वर्षीची सवलत पुढे बहुतेक वेळा नसते, त्यामुळे कापली जाणारी रक्कम आधीपेक्षा मोठी असू शकते. बंद केल्याचा मेल आला की जपून ठेवा.